नाथसागराखाली गेलेल्या वाड्याची जागा: जुन्या नकाशांच्या आधारे केलेला एक प्रकरण अभ्यास

जायकवाडी धरणाची पायाभरणी १८ ऑक्टोबर १९६५ रोजी लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते झाली आणि २४ फेब्रुवारी १९७६ रोजी इंदिरा गांधी यांच्या हस्ते त्याचे लोकार्पण झाले. या काळात पैठण, गंगापूर, नेवासे आणि शेवगाव तालुक्यांतील गोदाकाठची शंभराहून अधिक गावे पूर्णतः किंवा अंशतः बाधित झाली. त्यांपैकी अनेकांची नावे आजच्या नकाशावर आहेत, परंतु ती उंचावर वसवलेल्या पुनर्वसित वस्त्यांची आहेत. जुन्या गावांची पांढर, म्हणजे घरे वसलेली गावठाणाची जमीन, नाथसागराच्या, म्हणजे जायकवाडीच्या जलाशयाच्या, तळाशी आहे आणि पाणी बरेच खाली गेले तरच ती उघडी पडते. पैठण तालुक्यातील अशाच एका बुडीत गावातील एका वाड्याची जागा कशी निश्चित करता आली, त्याची ही नोंद आहे. गावाचे आणि कुटुंबाचे नाव मुद्दाम दिलेले नाही. उघड्या पडलेल्या गावठाणांत गुप्तधनाच्या लोभाने खणाखणी होते, त्यामुळे कुटुंबाने घातलेली ही अट मलाही योग्य वाटली.

प्रश्न नेमका होता. या घराण्याच्या थोरल्या आणि धाकट्या अशा दोन पाती, म्हणजे शाखा, आहेत. धरणाचे पाणी आटते त्या उन्हाळ्यात दोन्ही पातींची माणसे जुन्या गावठाणात जातात, जोत्यावर नारळ फोडतात आणि परततात. मात्र दोघांची जोती वेगळी आहेत. थोरल्या पातीचे लोक वेशीकडून नदीकडे जाणाऱ्या रस्त्याच्या पश्चिमेचा दगडांचा ढीग दाखवतात, तर धाकट्या पातीचे लोक रस्त्याच्या पूर्वेला, बरेच खाली असलेले जोते आपल्या वाड्याचे म्हणून सांगतात. यावरून दोन्ही घरांत कटुता आली होती. वाड्यात जन्मलेल्या आणि आज ऐंशीच्या पुढे असलेल्या आजी थोरल्या पातीच्या आहेत. त्यांच्या हयातीत हे एकदा ठरावे, एवढ्याच हेतूने त्यांचा नातू माझ्याकडे आला. भूगोलाच्या अध्यापनामुळे जुने नकाशे आजच्या नकाशांवर बसवण्याचे काम मी करत असतो. जागा सापडली तरी मालकीचा कोणताही हक्क पुन्हा उभा राहत नाही, संपादित जमीन शासनाची झालेली असते, हे मी दोन्ही पातींना आरंभीच सांगितले आणि त्यांनी ते मान्य केले. असे सांगणे अशा प्रत्येक प्रकरणात आवश्यक आहे, कारण नकाशा हातात आला की माणसांच्या अपेक्षा वाढतात.

कुटुंबाकडे काय होते

कुटुंबाने जपलेले कागद थोडे असले तरी मोलाचे होते. पहिला कागद मोडीतील गहाणखताचा होता. त्यावरील मुद्रांक उर्दूत आणि सन १३४२ फसली असा होता. हैदराबाद संस्थानात फसली, म्हणजे महसुली, वर्ष ऑक्टोबरात सुरू होत असे. त्यामुळे फसली सनात ऑक्टोबर ते डिसेंबरसाठी ५९० आणि पुढील महिन्यांसाठी ५९१ मिळवले की इसवी सन मिळतो, आणि हे खत ऑक्टोबर १९३२ ते सप्टेंबर १९३३ या वर्षातील ठरते. दुसरा कागद भूसंपादन कायद्याच्या कलम ९ खालील नोटिशीचा होता, ज्यात शेतजमिनीचे सर्व्हे नंबर होते, पण घराचा उल्लेख नव्हता. तिसरा कागद म्हणजे आजींच्या दिवंगत थोरल्या बंधूंनी वहीच्या पानावर पेन्सिलीने काढलेला गावाचा कच्चा नकाशा. त्यात नदी, घाट, मारुतीचे देऊळ, गढी, वेस आणि एका चौकोनात ‘आपला वाडा’ असे लिहिलेले होते. दिशा दाखवलेली नव्हती.

या सर्वांत महत्त्वाचे ठरले ते गहाणखत, कारण त्यात वाड्याची चतुःसीमा होती: पूर्वेस सरकारी रस्ता व त्यापलीकडे मारुतीचे पटांगण, पश्चिमेस भाऊबंदांचे घर, उत्तरेस बोळ, दक्षिणेस सुताराचे घर. जुन्या खतांमध्ये लोक रक्कम आणि सह्या पाहतात आणि चतुःसीमेची ओळ डोळ्यांखालून घालून पुढे जातात. घर शोधायचे असेल तर ती एकच ओळ साऱ्या खतापेक्षा अधिक बोलकी असते, कारण ती शेजाऱ्यांच्या देखत, वाद होऊ नये म्हणून लिहिलेली असते.

एक नाव, तीन ठिकाणे

मोबाइलवरील नकाशात गावाचे नाव शोधले तर जुन्या जागेपासून काही किलोमीटर उत्तरेला असलेले पुनर्वसित गाव दिसते. एका तरुण नातेवाइकाने यापुढचे पाऊल टाकले होते. त्याने आजींच्या बंधूंचा पेन्सिलीचा नकाशा नेहमीप्रमाणे वरची बाजू उत्तर मानून वाचला. त्या पानावर नदी वरच्या बाजूला असल्यामुळे गाव गोदावरीच्या दक्षिण काठावर असल्याचा अर्थ निघाला आणि पलीकडच्या काठावर याच नावाची एक लहान वस्ती होतीही. त्यामुळे त्याने अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्याच्या दप्तरात चौकशी केली आणि तिथे काहीच मिळाले नाही.

मिळणे शक्यच नव्हते. या पट्ट्यात गोदावरी केवळ दोन जिल्ह्यांची सीमा नव्हती. १९४८ पर्यंत उत्तर काठ निजामाच्या हैदराबाद संस्थानात, तर दक्षिण काठ मुंबई इलाख्यात, १९४७ पर्यंत ब्रिटिशांच्या ताब्यात, होता. नगरकडची जुनी माणसे आजही या काठाला मोगलाई म्हणतात. दोन काठांचे दप्तर वेगळे, मोजणी खाती वेगळी, कागदांची भाषा वेगळी आणि सनही वेगळा. मराठवाड्याचे पाच जिल्हे १ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबई राज्यात आले, तेव्हा कुठे दोन्ही काठ एका राज्याच्या महसूल खात्याखाली आले. तोपर्यंतच्या महसुली नकाशांमध्ये प्रत्येक बाजूने आपल्या काठापाशी रेघ थांबवलेली असते आणि नदीचे पात्र कोरे सोडलेले असते.

दोन्ही काठ एकाच कागदावर दाखवणारा नकाशा म्हणजे भारतीय सर्वेक्षण विभागाची एक इंची शीट, म्हणजे एका इंचाला एक मैल या प्रमाणाची. या शीटचा क्रमांक शोधणे सोपे आहे. ४७ क्रमांकाच्या चौकटीत पूर्व रेखांश ७२ ते ७६ आणि उत्तर अक्षांश १६ ते २० हा प्रदेश येतो. तिच्या सोळा भागांपैकी ‘एम’ या भागात रेखांश ७५ ते ७६ आणि अक्षांश १९ ते २० येतात. त्याचे पुन्हा सोळा भाग केले की पैठण शहर ४७ एम/७ मध्ये पडते आणि जलाशयाचा वरचा भाग शेजारच्या शीटांवर. धरणापूर्वीच्या शीटवर हे गाव उत्तर काठावर, काठाच्या उंच दरडीवर स्पष्ट दिसले. वेशीकडून येणारा गाडीरस्ता, घाटाजवळची उतारवाट आणि देवळाची खूणही होती. समोरच्या काठावर त्याच नावाची मोजक्या घरांची वस्ती होती. आजींच्या बंधूंच्या नकाशाचे कोडेही इथेच सुटले. वाड्याच्या ओट्यावर नदीकडे तोंड करून बसलेला माणूस समोरची नदी कागदाच्या वरच्या बाजूलाच काढतो. पान उलटे धरले की घाट, गढी आणि देऊळ शीटवरील खुणांशी जुळले, आणि रस्त्याच्या उजव्या हाताला दिसणारा वाडा पश्चिमेला आला.

शीटवर समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, पन्नास फुटांच्या अंतराने असतात. १५०० फुटांची रेषा गावठाणाच्या उत्तर कडेला लागून जात होती. जायकवाडीची पूर्ण संचय पातळी १५२२ फूट आहे, म्हणजे धरण भरल्यावर गावठाणावर वीस फुटांहून अधिक पाणी चढते आणि पातळी तेवढी उतरल्याखेरीज पांढर दिसत नाही. वर्तमानपत्रांत रोज छापली जाणारी पाणीपातळी पाहून प्रत्यक्ष जाण्याचा काळ ठरवणे त्यामुळे शक्य झाले.

जुन्या शीट वापरणाऱ्यांसाठी एक सूचना इथेच करणे आवश्यक आहे. विसाव्या शतकाच्या आधीच्या, विशेषतः एका इंचाला चार मैल प्रमाणाच्या ॲटलास शीटवरील रेखांश आजच्या रेखांशांशी जुळत नाहीत. त्या काळी मद्रास वेधशाळेचा जो रेखांश गृहीत धरला जात असे, तो पुढे २ मिनिटे २७ सेकंदांनी अधिक असल्याचे ठरले. आपल्या अक्षांशावर हा फरक चार किलोमीटरहून जास्त भरतो आणि तेवढ्यात शेजारचे गाव येऊन जाते. नंतरच्या शीटवर हा दोष नाही, परंतु त्या एव्हरेस्ट यांच्या नावाच्या गोलाभावर, म्हणजे पृथ्वीच्या आकाराच्या गणिती नमुन्यावर, आधारलेल्या आहेत, तर मोबाइलमधील जीपीएस डब्ल्यूजीएस ८४ ही प्रणाली वापरते. दोहोंतील रूपांतर न करता अंक तसेच घेतले तर पैठणच्या परिसरात जागा शंभर मीटरहून अधिक सरकते. आपल्या प्रकरणातील वादाची दोन जोती एकमेकांपासून साधारण तेवढ्याच अंतरावर होती. हे रूपांतर केले नसते तर नकाशाने चुकीच्या पातीचा पक्ष घेतला असता.

काळीचा नकाशा आणि पांढरी

एक इंची शीटने गाव पक्के केले, पण त्या प्रमाणावर कागदावरचा एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवरचे ६३ मीटर. सगळे गावठाणच तिथे हरभऱ्याच्या दाण्याएवढे असते. पुढचा नकाशा महसुली गाव नकाशा. हैदराबाद संस्थानात सालारजंगांच्या कारभारात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबई इलाख्याच्या धर्तीवर शेतवार मोजणी सुरू झाली आणि तिचे टिपण, क्षेत्रबुक आणि गाव नकाशे आजही भूमी अभिलेख कार्यालयांत असतात. शंकू-साखळीने केलेल्या या मोजणीतील साखळी ३३ फुटांची, सोळा आण्यांत विभागलेली. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद जागा म्हणजे गुंठा. एका इंचाला वीस साखळ्या, म्हणजे एका मैलाला आठ इंच, हे गाव नकाशाचे नेहमीचे प्रमाण. त्यावर एक मिलिमीटर म्हणजे सुमारे आठ मीटर होतात.

उपअधीक्षक भूमी अभिलेख कार्यालयातून रीतसर अर्ज करून मिळालेली प्रत कापडावर चिकटवलेल्या मूळ नकाशाची होती आणि घड्यांवर झिजलेली होती. ती आजच्या उपग्रह चित्रावर बसवण्यासाठी स्थिर खुणा हव्या होत्या. गावाच्या शिवारातील उत्तरेकडचा भाग पाण्याच्या वर राहिलेला आहे. तिथले बांध, दोन विहिरी आणि तीन गावांच्या शिवा मिळतात तिथला दगड आजही जागेवर आहेत. मात्र तिथे एक अडचण येते. एकत्रीकरण योजनेनंतर सर्व्हे नंबरांचे गट नंबर झाले, त्यामुळे नोटिशीतील सर्व्हे नंबर आजच्या सातबाऱ्यावर सापडत नाहीत. एकत्रीकरण योजनेच्या उताऱ्यावरून जुने आणि नवे क्रमांक जुळवल्यावरच कोणता बांध कोणता, हे खात्रीने सांगता आले. क्यूजीआयएस या मोफत संगणक प्रणालीत या खुणा एकेक करून बांधल्या. नुसत्या कोपऱ्यांच्या चार खुणांवर नकाशा ताणून बसवण्याची जी पद्धत सर्रास दिसते, ती मी टाळली. कापडी नकाशा सगळीकडे सारखा आकसत नाही, म्हणून खुणा शिवारभर विखुरलेल्या असाव्या लागतात आणि काही खुणा बाजूला ठेवून त्यांवर नंतर पडताळा घ्यावा लागतो. पडताळ्याच्या खुणांवर चूक पंधरा मीटरच्या आसपास राहिली.

या नकाशाकडून वाड्याचा पत्ता मिळेल, ही कुटुंबाची अपेक्षा मात्र पूर्ण होणार नव्हती. शेतसाऱ्यासाठी केलेली मोजणी काळीची, म्हणजे शेतजमिनीची, असते. पांढरीवर सारा नाही, म्हणून गावठाणाची फक्त बाहेरची हद्द मोजलेली असते आणि आतली जागा एक कोरा डाग म्हणून सोडलेली असते. कोणत्या कामासाठी नकाशा काढला गेला हे आधी विचारले, तर त्यात काय नसेल हेही आधीच कळते आणि निराशा टळते. तरीही गावठाणाची हद्द, घाटाकडे उतरणारा रस्ता आणि गढीची जागा या तीन गोष्टी आता पंधरा मीटरच्या अचूकतेने आजच्या अक्षांश-रेखांशांवर आल्या होत्या.

आकाशातून घेतलेले चित्र

गावठाणाच्या आत डोकावण्याचे साधन अनपेक्षित ठिकाणाहून मिळाले. अमेरिकेच्या कोरोना या हेरगिरी उपग्रहांनी १९६० ते १९७२ या काळात टिपलेली छायाचित्रे १९९५ मध्ये खुली करण्यात आली आणि ती अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण संस्थेच्या अर्थ एक्स्प्लोरर या संकेतस्थळावर शोधता येतात. पूर्वी स्कॅन झालेल्या फ्रेम विनाशुल्क उतरवून घेता येतात, उरलेल्यांसाठी शुल्क भरावे लागते. जायकवाडीत पाणी अडण्यापूर्वीची ही वर्षे असल्यामुळे बुडीत गावे शोधणाऱ्यांसाठी हा ठेवा अमूल्य आहे, आणि मराठवाड्यातील धरणग्रस्तांपर्यंत त्याची माहिती फारशी पोहोचलेली नाही याचे मला वाईट वाटते. १९६७ नंतरच्या कॅमेऱ्यांची चित्रे अधिक स्पष्ट असतात. त्यांत सुमारे सहा फुटांपर्यंतचे तपशील ओळखू येतात.

उन्हाळ्यातील एक फ्रेम निवडली. पावसाळ्यानंतरच्या चित्रांत पिके आणि झाडी माजलेली असल्याने वाटा झाकल्या जातात. उन्हाळ्यात मात्र तुडवलेल्या वाटा पांढऱ्या रेघांसारख्या उठून दिसतात. चित्र कृष्णधवल आहे आणि कॅमेरा फिरत्या भिंगाचा असल्यामुळे कडांकडे ते वाकते, म्हणून पूर्ण फ्रेम बसवण्याचा प्रयत्न न करता गावाभोवतीचा लहान तुकडाच गाव नकाशावर बसवला. त्यात वेशीपासून नदीपर्यंतचा रस्ता स्पष्ट होता. पश्चिमेला गढीचा चौकोन आणि त्याची सावली होती. रस्त्याच्या पूर्वेला मोकळे पटांगण आणि त्यात एक ठिपका होता, जो मारुतीच्या देवळाचा असणार. पटांगणासमोर, रस्त्याच्या पश्चिमेला, मध्ये चौक असलेल्या दोन मोठ्या माळवदी इमारती एकमेकींना लागून दिसत होत्या. रस्त्याच्या पूर्वेला, पटांगणाच्या खाली नदीकडे, आणखी एक लांबट छप्पर होते. धाकट्या पातीने दाखवलेले जोते नेमके तिथेच येत होते.

या टप्प्यावर गहाणखताची चतुःसीमा आणि आजींचे सांगणे एकत्र वाचले. आजी म्हणाल्या होत्या, “पान्याला जाताना मारुती डाव्या हाताला, आन् घागर घेऊन येताना उजव्या हाताला. दारातून निघालं की समोर मारुतीच.” दिशा विचारल्या तर त्यांना सांगता येत नव्हत्या, पण नदी दक्षिणेला आहे हे ठाऊक असल्यावर डावा हात म्हणजे पूर्व ठरते आणि वाडा रस्त्याच्या पश्चिमेला जातो. खतातही पूर्वेस रस्ता व त्यापलीकडे पटांगण आहे. वृद्ध माणसांना पूर्व-पश्चिम विचारण्यापेक्षा रोजच्या वाटेने कुठून कुठे जात होतात, असे विचारले तर उत्तर अधिक विश्वासार्ह मिळते. मात्र पश्चिमेच्या दोन इमारतींपैकी वाडा कोणता, हे केवळ खत आणि स्मरण यांवरून पक्के म्हणता येत नव्हते; खताप्रमाणे वाडा रस्त्यालगतचा असायला हवा होता, पण त्याच्या पश्चिमेलाही भाऊबंदांचेच घर होते, आणि चित्रातील दोन्ही चौकांची मापे जवळपास सारखी होती.

निवाड्याच्या कागदांत

घराचा हिशेब नकाशात नसला तरी नुकसानभरपाईच्या कागदांत असतो. १८९४ च्या भूसंपादन कायद्याच्या कलम ११ खालील निवाड्यासोबत गावठाणातील घरांची मूल्यांकन यादी जोडलेली असते. ती मिळायला वेळ लागला. जुन्या बस्त्यांची अवस्था वाईट आहे आणि जे कागद आज वाचता येतात ते आणखी काही वर्षांनी वाचता येतीलच असे नाही. या कामात ज्यांना पडायचे आहे त्यांनी नकाशांच्या मागे लागण्यापूर्वी आधी हाच अर्ज करावा, असे मी आग्रहाने सांगेन.

यादीतील नोंदी त्रोटक आहेत, पण त्यांत घर डोळ्यांसमोर उभे राहते. मालकाचे नाव, घराचा अनुक्रमांक, खणांची संख्या, भिंती दगडमातीच्या की पांढऱ्या मातीच्या, छत माळवदाचे की पत्र्याचे, लाकूड सागाचे की बाभळीचे, आणि आवारात आड असेल तर त्याची वेगळी किंमत. या घराण्याच्या नावावर दोन नोंदी निघाल्या. पहिल्या नोंदीत थोरल्या पातीच्या कर्त्याचे नाव होते: माळवदी घर, दगडी जोते, सागवानी खांब आणि तुळया, आवारात बांधीव आड. दुसरीत धाकट्या पातीच्या कर्त्याचे नाव होते: पत्र्याचे घर, पूर्वीचा गोठा, मातीच्या भिंती. अनुक्रमांकांत दोघांमध्ये बरेच अंतर होते, म्हणजे घरे शेजारी नव्हती.

ही यादी १९५१ च्या जनगणनेच्या वेळी तयार झालेल्या राष्ट्रीय नागरिक नोंदवहीशी ताडून पाहिली. या नोंदवहीत गावातील घरे क्रमाने घेऊन प्रत्येक घरातील माणसांची नावे लिहिलेली असतात; अलीकडे कुणबी नोंदींच्या शोधामुळे ती मराठवाड्यात पुष्कळांना परिचित झाली आहे. त्यात संपूर्ण घराणे एकाच घर क्रमांकाखाली आहे. पुढचा क्रमांक सुताराच्या घराचा आहे आणि मागचा भाऊबंदांच्या घराचा.

दोन कागद एकत्र ठेवल्यावर वादाचे कारण समोर आले. १९५१ मध्ये दोन्ही पाती एकत्र, रस्त्याच्या पश्चिमेच्या वाड्यात राहत होत्या. निवाड्याच्या वेळी त्या वेगळ्या झालेल्या होत्या आणि धाकट्या पातीने रस्त्यापलीकडच्या गोठ्याला घर केले होते. आजींचे लग्न वाटणीपूर्वी झाले. त्यांच्या आठवणीत पलीकडे बैल आणि कडबाच आहे. धाकट्या पातीतील जे काका पूर्वेचे जोते दाखवतात त्यांचा जन्म वाटणीनंतरचा. त्यांनी डोळे उघडले ते त्या पत्र्याच्या घरात, आणि त्याला घरी सगळे वाडाच म्हणत. दोघेही खरे बोलत होते आणि दोन वेगवेगळ्या काळांतले घर सांगत होते.

प्रत्यक्ष जागेवर

उरलेला प्रश्न पश्चिमेच्या दोन जोत्यांचा होता आणि तो जागेवर जाऊनच सुटणार होता. जलाशयाचे क्षेत्र १९८६ पासून जायकवाडी पक्षी अभयारण्य आहे, म्हणून जाण्यापूर्वी वन विभागाची आणि धरण प्रशासनाची परवानगी घेतली. एकही दगड हलवायचा नाही आणि काही खणायचे नाही हेही ठरवून घेतले. पैठणचा परिसर प्राचीन प्रतिष्ठानाचा आहे. तिथे वरवर साध्या दिसणाऱ्या खापरालाही पुरातत्त्वाच्या दृष्टीने किंमत असू शकते.

गावठाणात भिंती उभ्या नाहीत. गाव सोडताना लोकांनी दारे, खांब, तुळया आणि घडीव दगड गाडीत घालून नेले, आणि पांढऱ्या मातीच्या भिंती पहिल्या काही पावसाळ्यांतच पाण्यात विरघळल्या. जोत्यांचे खालचे थर, उखळे आणि पेवांची तोंडे तेवढी उरली आहेत. भेगाळलेल्या गाळावर काही ठिकाणी गाळपेरीची काकडी-टरबुजे होती. गढीच्या ढिगाऱ्यावरून आणि देवळाच्या जोत्यावरून जीपीएसची नोंद घेऊन संगणकातील नकाशाशी ताडली. फरक दहा मीटरच्या आत राहिला, म्हणजे बसवलेला नकाशा भरवशाचा होता.

रस्त्याच्या पश्चिमेची दोन्ही जोती नकाशाने सांगितल्याप्रमाणे एकमेकांना लागून होती. रस्त्यालगतच्या जोत्याच्या मागच्या अंगाला, गाळाने जवळजवळ काठोकाठ भरलेला, घडीव काळ्या दगडांच्या कड्याचा एक आड दिसला. कड्याच्या एकाच बाजूच्या तीन दगडांवर दोराच्या घासण्याने बोटभर खोल खाचा पडलेल्या होत्या. दुसऱ्या जोत्यात आड नाही. मूल्यांकन यादीत आडाची किंमत फक्त थोरल्या पातीच्या घराला लावलेली आहे, आणि खताप्रमाणे वाडा रस्त्याला लागून असायला हवा. दोन्ही पुरावे एकाच जोत्यावर येऊन थांबले. आजी येऊ शकल्या नव्हत्या; त्यांना आडाचे छायाचित्र दाखवले तेव्हा त्यांनी खाचांकडे बोट करून, दोर ओढायला त्याच बाजूला उभे राहत असू, कारण दुसऱ्या अंगाला तुळशीवृंदावन होते, असे सांगितले. वृंदावनाचा चौथरा छायाचित्रात नव्हता. नातवाने पाणी चढण्यापूर्वी पुन्हा जाऊन पाहिले, तेव्हा गाळातून जेमतेम वर आलेला त्याचा चौकोनी दगड आडाच्या त्याच बाजूला मिळाला. ही माहिती कोणत्याही कागदात नव्हती, म्हणून तिचे वजन मी कागदांइतकेच धरतो.

थोरल्या पातीचे लोक इतकी वर्षे ज्या ढिगापाशी नारळ फोडत होते तो दुसऱ्या, म्हणजे भाऊबंदांच्या जोत्याचा निघाला; खऱ्या जागेपासून तो काही पावलांवरच आहे. धाकट्या पातीचे जोते त्यांच्या स्वतःच्या घराचे म्हणून योग्य ठरले. हे सर्व एका आराखड्यावर मांडून, प्रत्येक रेषा कोणत्या कागदावरून आली आणि तिच्यात किती मीटरची चूक संभवते हे रेषेजवळ लिहून, त्याच्या दोन प्रती दोन्ही पातींना दिल्या आहेत. आराखड्यात सुताराचे घर, भाऊबंदांचे घर आणि यादीतील आणखी काही शेजारीही बसले आहेत. त्यांच्या वारसांना त्यांची जागा दाखवण्याचे काम नातवाने अंगावर घेतले आहे.

दोन गोष्टी अद्याप बाकी आहेत. वाटणी कोणत्या वर्षी झाली ते फेरफार नोंदींवरून कळू शकेल. त्या नोंदवहीच्या नकलेसाठी अर्ज केलेला आहे. मूल्यांकन यादीसोबत गावठाणाचा मोठ्या प्रमाणावरील एक नकाशा जोडल्याचा उल्लेख निवाड्यात आहे, पण तो बस्त्यात नाही. तो मिळाल्यास घरांच्या मधल्या हद्दी आजच्यापेक्षा बारकाईने काढता येतील, म्हणून पुनर्वसन शाखेच्या दप्तरात त्याचा शोध सुरू ठेवला आहे.